बटणाची नानकटाई

“दोन किलो,” बाबा म्हणाले.

“काय दोन किलो?”

“मटण. नाताळचं.”

मी पेन्सिल खाली ठेवली. डिसेंबरचा पहिला रविवार होता. उपासना आटोपून आम्ही नुकतेच घरी आलो होतो आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून नाताळच्या जेवणाचा बेत आखत होतो. बेत आखणं हे माझं काम. मी तेव्हा नगरला एका दवाखान्यात सामानाची खोली सांभाळायचे. कापसाच्या गुंडाळ्यांपासून फिनेलपर्यंत काय किती लागतं ते मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येई. त्यामुळे निदान घरात तरी मला कुणी वाट्टेल ते आकडे ऐकवू नयेत, अशी माझी अपेक्षा असे.

“बाबा, आपण माणसं दोन. तुमच्या दाढा गेलेल्या. मला मटणाची काही विशेष हौस नाही. दोन किलो मटण काय कॉलनीतल्या मांजरांना घालायचं?”

“पाच जणांचं कर.”

“कोण पाच?”

बाबांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि पुन्हा घातला. शाळेत उभा जन्म मराठी शिकवलेला माणूस, त्यांना शब्दांचा काही तोटा नव्हता. पण अडचणीचा प्रश्न आला की ते चष्मा पुसायचे.

“होतील,” ते म्हणाले.

कोण पाच हे न कळायला मी काही कुकुलं बाळ नव्हते. बाबा, मी, माझी थोरली बहीण एस्तेर, तिचा नवरा विल्सन आणि त्यांची अकरा महिन्यांची मुलगी. ते तिघं याच गावात, सावेडीला राहत होते. टांग्यानं जायला कितीसा वेळ लागतो? पण फेब्रुवारीत आईचा दफनविधी झाला, त्या दिवसानंतर एस्तेरनं आमच्या घराचा उंबरा ओलांडला नव्हता, आणि मी तिचा.

त्या दिवशी दफनभूमीतून परतलेली मंडळी अजून अंगणातच उभी होती. आई आजारी, म्हणून एस्तेर बाळंतपणाला सोलापूरला सासूकडे गेली होती. निरोप मिळून ती येईपर्यंत आई गेलेली. महिन्याचं लेकरू छातीशी धरून ती माझ्यासमोर आली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, “आईला पुण्याला का नेलं नाही?”

मी हातातला पाण्याचा तांब्या पायरीवर ठेवला.

“खर्च वाचवलास ना, दीना? शेवटी आईचासुद्धा हिशेब केलास.”

एवढं बोलून ती गेली. ते वाक्य मात्र माझ्यापाशी राहिलं. भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना, दवाखान्यात पट्ट्यांचे गठ्ठे मोजताना ते मला ऐकू यायचं.

बरं, मी हिशेबी नव्हते असंही नाही. साबणाची उरलेली चकती नव्या वडीला चिकटवणारी मी. नाताळच्या चांदणीच्या कामट्या वर्षभर माळ्यावर जपायच्या आणि नुसता पतंगाचा कागद बदलून तीच चांदणी पुन्हा दारात टांगायची, हाही माझाच उद्योग. पण हे सगळं मला शिकवलं आईनं. एका मास्तराच्या पगारात तिनं आयुष्यभर असे नाताळ केले की जेवून उठणाऱ्याला घरात चणचण आहे असा संशयही येऊ नये. रश्शात मटण कमी पडलं की बटाटे पडत, आणि बटाट्यांना मटणाची अशी काही चव येई की लोक तेच मागून घेत. तिचा एकच नियम होता. नाताळच्या दिवशी घरातल्या प्रत्येकाचं ताट मांडायचं, पाळण्यातल्या लेकराचंसुद्धा. लेकरू खात नाही हा मुद्दा तिला मान्य नव्हता. “खात नाही, पण आहे ना?” असं म्हणायची.

“एक किलो आणते,” मी बाबांना म्हणाले. “भरपूर बटाटे घालते. मटाराचा पुलाव, कोशिंबीर, शेवयांची खीर. तुमची खीर बिनसाखरेची. नानकटाई आईच्या मापानं. केक नको, अंडी फार महागलीत.”

“बरं.”

“आणि तुमच्या कोटाला एक बटण आणते. मधलं बटण गेलंय, वर्षभर तसेच चर्चला जाताय. लोक काय म्हणतील?”

“ते नको,” बाबा पटकन म्हणाले. “तसंच बरं आहे.”

हा कोट म्हणजे बाबांचा लग्नातला तपकिरी कोट. दर रविवारी तोच घालून ते चर्चमध्ये पेटी वाजवायला बसत. त्याची बटणं मोठी, शिंगाची, काठाला बारीक पाकळ्या कोरलेली. तसली बटणं पुढं बाजारात कुठं दिसली नाहीत. शिंप्यानं जादाचं म्हणून एक बटण आतल्या बाजूला लावून दिलं होतं. ते आईनं लग्नानंतरच्या पहिल्याच नाताळला काढून घेतलं आणि आपल्या नानकटाईची खूण केली.

खूण कशासाठी, ते सांगायला हवं. नानकटाई घरी होत नसे, घरात कुठली भट्टी? आपलं पीठ, तूप, साखर घेऊन लतीफभाईंच्या बेकरीत जायचं, तिथंच मळायचं, गोळे करून पत्र्यावर मांडायचे आणि पत्रे भट्टीत द्यायचे. पत्रे सगळे सारखेच काळेकुट्ट, आणि नावाची चिठ्ठी लावावी तर ती भट्टीत जळून जाई. म्हणून प्रत्येक घराची आपली खूण असे. कुणी काट्याच्या रेघा ओढी, कुणी मधोमध चारोळी बसवी, कुणी अंगठी दाबी. आमचं बटण. गोळ्यावर दाबलं की मधे चार ठिपके आणि भोवती पाकळ्या उठत. लतीफभाई आईला कधी नावानं ओळखत नसत. ती त्यांच्या लेखी ‘बटणवाली बाई’ होती.

बाबांना साखरेचा त्रास सुरू झाल्यापासून आई त्यांच्यासाठी एक ओळ वेगळी करी. तिच्यात साखर नावापुरती, आणि ओळखू यावी म्हणून बटण दोनदा दाबलेलं. सणाच्या दिवशी घरधन्याच्या हातात काहीच गोड नाही, हे तिला बघवत नसे.

बावीस तारखेला मी बेकरीत गेले. आत बायकांची ही गर्दी. ओट्यावर जागा मिळवून मी मळायला बसले. गल्ल्यावर लतीफभाई होते. दाढी पांढरी झालेली, नजर कमी झालेली. मी कनवटीचं बटण काढून दाबायला लागले, तसे ते वाकून बघायला आले.

“बटणवाल्या बाईची लेक ना तू?”

“हो.”

“बाई गेल्या ते कळलं, बेटी. फार अच्छी होती.” मग पत्र्याकडं बघून म्हणाले, “या साली बटणवाल्यांचा सण जोरात दिसतोय.”

मला वाटलं, थट्टा करताहेत. माझ्यापुढं अर्धं तूप आणि अर्धा डालडा घालून मळलेला दोन पत्र्यांचा माल होता. जोर कुठला?

“आम्ही दोघंच आहोत, लतीफभाई.”

“असू दे, असू दे. सणाला हात आखडू नये,” म्हणत ते गल्ल्याकडं गेले.

चोवीस तारखेला दुपारी मी माल आणायला गेले, तर त्यांच्या माणसानं माझ्यापुढं दोन डबे ठेवले. एक माझा पितळी, एक डालड्याचा पत्र्याचा.

“हा दुसरा माझा नाही.”

“बटण आहे त्याच्यावर,” तो म्हणाला.

“माझा एकच डबा होता हो.”

लतीफभाईंनी गल्ल्यावरूनच हात केला. “उघडून बघ, बेटी. बटण तुमचंच ना? नगरात बटणाचं घर एकच.”

मी झाकण उचललं. वरच्या नानकटाईवर चार ठिपके होते, भोवती पाकळ्या होत्या. मागून बायका ढकलत होत्या, एकीचं पोर माझ्या पायावर उभं होतं. बाबांनीच कुणाकडून तरी जास्तीचं पीठ पाठवलं असेल, पाच जणांचं म्हणत होते ना, असा विचार करून मी दोन्ही डबे टांग्यात घातले. मनातून चिडलेच होते. बेत मी आखायचा आणि त्यात बाबांनी परस्पर भर घालायची.

घरी येऊन दोन्ही डबे टेबलावर उघडले. बाबा बाहेर ओसरीवर पेटीची हवा तपासत बसले होते. मी दोन्ही डब्यांतली एकेक नानकटाई हातात घेतली आणि खिडकीपाशी गेले.

खूण तीच होती, पण सारखी नव्हती. माझ्या नानकटाईवरच्या पाकळ्या पुसट होत्या. तीस वर्षं तुपात बुडून आईचं बटण गुळगुळीत झालेलं. दुसऱ्या डब्यातल्या पाकळ्या मात्र ठसठशीत, एकेक मोजून घ्यावी अशी. हे बटण याआधी कधी पिठाला लागलेलंच नव्हतं.

मी डालड्याचा डबा उपसला. तळाशी वर्तमानपत्राची पुडी होती, वेगळा माल बेकरीत बांधून देतात तशी दोऱ्यानं बांधलेली. सोडली. आत नानकटाईच होती, फिकट रंगाची, साखर कमी असली की होते तशी. प्रत्येकीवर बटण दोनदा दाबलेलं.

मी खाली बसले.

खुंटीवर बाबांचा कोट टांगलेला होता. उद्यासाठी मीच त्याला ब्रश मारून ठेवला होता. वरचं बटण, खालचं बटण, आणि मधे नुसता दोऱ्याचा तुकडा. इतके महिने तो कोट मी झटकत होते. ते बटण दफनभूमीत मातीत पडलं असणार अशी मी स्वतःची समजूत घालून घेतली होती. दोरा उसवलेला नव्हता, कापलेला होता. कात्रीनं, सरळ. माझ्यासारख्या बाईच्या ते आधीच लक्षात यायला हवं होतं.

“बाबा,” मी हाक मारली.

ते आले. टेबलावरची पुडी बघितली आणि तिथंच उभे राहिले.

“कोटाचं बटण कुठं पडलं?”

“पडलं नाही.”

“मग?”

“दिलं.”

“केव्हा?”

“ती निघाली तेव्हा. टांग्यात बसली होती. मी आत येऊन कापलं आणि नेऊन दिलं.” त्यांनी चष्म्याला हात लावला, पण पुसला नाही. “आईचं बटण तुझ्याकडं राहणार होतं. तिच्याकडं काय राहणार? तीही त्याच घरची ना?”

बाबा खुर्ची ओढून बसले. दोनदा दाबलेली एक नानकटाई त्यांनी उचलली, हातात फिरवून बघितली, पण खाल्ली नाही. हलकेच परत ठेवली.

“हा डबा तिचा आहे,” ते म्हणाले. “लेकराच्या घरचा सणाचा डबा आपल्याकडं राहून कसं चालेल? मी नेऊन देतो.”

“तुम्ही नाही,” मी उठत म्हणाले. “मी जाते.”

“मटण किती आणायचंय?”

“सकाळीच आणलंय. एक किलो.”

“पाच जणांचं म्हटलं होतं मी.”

“बटाटे आहेत, बाबा,” मी म्हणाले, आणि तेव्हा कुठं मला रडू आलं.

सावेडीला पोचले तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. एस्तेरची खोली कुठली ते मला ठाऊक होतं. एकदोनदा मी त्या रस्त्यानं मुद्दाम लांबून गेले होते. दाराला चांदणी लावलेली, गेल्या वर्षीच्याच कामट्यांची, नवा पिवळा कागद चिकटवलेली. मी कडी वाजवली.

विल्सनभाऊजींनी दार उघडलं. ते माझ्याकडं बघतच राहिले, मग आत वळून म्हणाले, “एस्तेर, बाहेर ये.” आणि स्वतः मुलीला उचलून मागच्या दारानं बाहेर पडले. समंजस माणूस. त्यांच्या कारखान्याला दिवाळीपासून टाळं लागलेलं होतं, ते मला चर्चमध्ये कानावर आलं होतं.

एस्तेर हात पुसत आली. खूप वाळली होती. माझ्या हातातला डबा तिनं बघितला.

“लतीफभाईंकडं गेले होते मी,” ती म्हणाली. “म्हणाले, बटणाचा माल बटणाच्या घरी गेला.”

“हो. आमच्याकडं आला.”

“घेऊन आलीस.”

“तुझा आहे.”

मी डबा खाली ठेवला. पुढं काय बोलायचं ते वाटेत घोकून आले होते, त्यातलं एक अक्षर आठवेना.

“तळाशी पुडी आहे,” मी म्हणाले.

एस्तेरनं मान खाली घातली. “ती पाठवायची होती. कुणाबरोबर पाठवू, ते ठरत नव्हतं.”

“बाबांनी अजून खाल्ली नाही. म्हणाले, हा तिचा डबा.”

“दीना, अर्धा डालडा घातलास का गं?”

“हो. तू?”

“मीपण.”

आम्हां दोघींना एकदम हसू आलं. एस्तेरचं हसू मधेच मोडलं. ती भिंतीला टेकून खालीच बसली आणि पदर तोंडाशी धरून रडायला लागली. मी तिच्याजवळ बसले. तिच्या पाठीवर हात ठेवायला इतके महिने लागले, आणि ठेवायला क्षणही लागला नाही.

“ताई, मला तुला सांगायचंय,” मी म्हणाले. “पुण्याचं.”

“मला ठाऊक आहे.”

“काय ठाऊक आहे?”

“आईच नको म्हणाली. डॉक्टर म्हणाले, नेलं तर थोडे दिवस वाढतील, पण हालच होतील. आई तुला म्हणाली, मला माझ्या खाटेवर राहू दे. आणि म्हणाली, एस्तेरला काही कळवू नको, ओली बाळंतीण आहे, धसक्यानं दूध आटेल.”

हे सगळं शब्दाला शब्द खरं होतं. आईनं माझा हात धरून हे सांगितलं तेव्हा खोलीत तिसरं कुणी नव्हतं. फक्त दाराशी बाबा.

“तुला कुणी सांगितलं?”

“बाबांनी. टांग्याशी आले तेव्हा. माझ्या मुठीत बटण ठेवलं आणि हे सांगितलं.”

“म्हणजे त्याच दिवशी?”

“त्याच दिवशी.”

माझ्या डोक्यात एकदम राग उसळला. खोटं कशाला बोलू? “मग आली का नाहीस? मी रोज ते वाक्य ऐकत होते, ताई. रोज! आणि तुला सगळं ठाऊक होतं?”

“कुठल्या तोंडानं येऊ?” एस्तेर म्हणाली. “सगळ्या मंडळीसमोर बोलले मी ते. एकटीत बोलले असते तर एकटीत येऊन माफी मागितली असती. दर रविवारी ठरवायचे, आज बोलायचं. तू मान ताठ करून पुढच्या बाकावर बसलेली असायचीस. बाबा पेटीवरून या पोरीकडं बघायचे. परवा तर ‘आमेन’नंतरही दोन सूर वाजवत राहिले. मला धीरच झाला नाही गं. चुकले मी, दीना. तू आईजवळ होतीस, मी नव्हते. त्याचा राग तुझ्यावर काढला.”

ती हात जोडायला लागली. मी ते हात धरले. त्यांना तुपाचा आणि वेलदोड्याचा वास येत होता, आईच्या हातांना डिसेंबरभर यायचा तसा. मग मलाही राहवलं नाही. विल्सनभाऊजी मुलीला घेऊन आत आले तेव्हा आम्ही दोघी जमिनीवर बसून रडत होतो, आणि ती मुलगी आमच्याकडं बघून अगदी मनापासून हसली. तिला खाली चार, वर दोन दात होते. बाबांनी दोनच सांगितले होते. पेटीवरून तेवढेच दिसत असणार.

“उद्या काय करणार आहेस जेवायला?” मी विचारलं.

“वरण-भात, पापड. हे म्हणाले, नाताळ पोटात नसतो.” तिनं नाक पुसलं. “तांदूळ मात्र चांगला आहे. सासूबाईंनी आंबेमोहोर पाठवलाय.”

“तांदूळ घेऊन ये,” मी म्हणाले. “माझ्याकडं मटाराचा पुलाव आहे आणि रेशनचा तांदूळ. मटण एक किलो आहे.”

“पाच जणांना एक किलो?”

“बटाटे आहेत.”

“आईसारखे मोठे काप नको करू. छोटे केले की जास्त वाटतात.”

“मला शिकवू नको,” मी म्हणाले. सगळं जागच्या जागी आल्यासारखं वाटलं.

नाताळच्या दिवशी उपासनेनंतर एस्तेर आमच्या घरी आली. उंबऱ्याशी क्षणभर थबकली. बाबा आतच उभे होते, कोट घालून. त्यांनी काही भाषण केलं नाही, मिठीबिठी मारली नाही. पुढं होऊन मुलीला घेतलं आणि म्हणाले, “ये. जेवण निवतंय.”

ताटं मी मांडली. पाच. पाचव्या ताटात एस्तेरनं कालवलेला वरणभात घातला, आणि त्या बयेनं तो ताटाबाहेर सगळीकडं पसरला. विल्सनभाऊजींनी बटाटेच पुन्हा पुन्हा मागून घेतले. शेवटी एस्तेरनं पुडी सोडली आणि दोनदा दाबलेली नानकटाई बाबांपुढं ठेवली. त्यांनी एक तोडून तोंडात घातली. बराच वेळ चघळत राहिले.

“साखर जास्त झालीय का?” एस्तेरनं काळजीनं विचारलं.

“बरोबर आहे,” बाबा म्हणाले. त्यांनी चष्मा काढला, आणि या वेळी तो खरंच पुसायला हवा होता.

एस्तेरनं रुमालाची गाठ सोडून बटण काढलं. “सुई-दोरा दे, दीना. बाबांचा कोट शिवून टाकते.”

“कशाला?” बाबांनी कोटाची कड हातानं मिटून घेतली. “पुढच्या वर्षी तू नानकटाईवर काय दाबणार?”

त्यानंतर बाबा पुष्कळ वर्षं जगले. विल्सनभाऊजींना नवी नोकरी लागली, माझंही लग्न झालं, टेबलाभोवती ताटं वाढत गेली. मटण कधी दोन किलो आलं, कधी पुन्हा एकावर आलं. लतीफभाईंच्या नातवानं भट्टी विजेची केली. तिथं अजूनही बटणाचे डबे दोन असतात, आणि ते कुणाचे हे आता तिथल्या पोरांनाही ठाऊक आहे.

बाबांना शेवटचं आम्ही त्याच तपकिरी कोटात ठेवलं. भेटायला आलेल्या मंडळींत एक वृद्ध बाई होत्या. त्या शवपेटीपाशी वाकून हळूच म्हणाल्या, “अगं, मधलं बटण नाही. कुणीतरी लावून घ्या ना पटकन. असे कसे पाठवता मास्तरांना?”

“नको,” मी म्हणाले. त्याच वेळी पलीकडून एस्तेरही म्हणाली, “नको.”

त्या बाईंनी माझ्याकडं बघितलं, मग शेजारणीकडं. काय म्हणायचं होतं ते त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. या दीनानं बापाच्या कोटाच्या एका बटणाचासुद्धा खर्च वाचवला.

एस्तेरनं येऊन माझा हात धरला. तिच्या मुठीत तिचं बटण होतं, माझ्या कनवटीला माझं.

वाटू दे.